सरकारी कागद मिळवणे आणि त्यावर उघडपणे बोलणे : मराठवाड्यातील नागरिकांसाठी मार्गदर्शक

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील नदीकाठची शेते खरवडून नेली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर गावागावांत तेच प्रश्न उभे राहतात. पंचनाम्यात कोणाचे किती क्षेत्र लागले, यादीत कोण आले, कोण राहिले, आणि मंजूर झालेली रक्कम खात्यावर का पोहोचली नाही? पारावर, ग्रामसभेत आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर हे प्रश्न पोटतिडकीने विचारले जातात. परंतु विचारणाऱ्याच्या हाती कागद नसल्यामुळे समोरचा अधिकारी किंवा पदाधिकारी ते सहज उडवून लावतो, आणि प्रश्नाला धार आलीच तर बदनामीची नोटीस किंवा ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याची तक्रार पुढे येते. म्हणून माहितीचा अधिकार आणि भाषणस्वातंत्र्य यांचा विचार एकत्रच करावा, असा या लेखाचा आग्रह आहे. आधी प्रमाणित प्रत मिळवावी आणि त्या प्रतीच्या आधारावर जाहीरपणे बोलावे. हा क्रम पाळणाऱ्याला कायदा बरेच भक्कम संरक्षण देतो.

हे दोन्ही अधिकार मुळात एकाच कलमातून आले आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, आणि जनतेच्या कारभाऱ्यांनी काय केले हे जाणण्याचा अधिकार त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या राज नारायण खटल्यात आणि पुढे १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात घेतली. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला आणि आज तोच लागू आहे.

अर्ज करण्यापूर्वी : कागद कोणाकडे आहे, हे ठरवा

बहुतेक अर्ज येथेच फसतात. प्रश्न गावातला असला तरी कागद गावातच असेल, असे नाही. अतिवृष्टीच्या मदतीचे उदाहरण घेऊ. बाधित क्षेत्राचे पंचनामे तलाठी (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. याद्या तहसील कार्यालयात एकत्र होतात आणि तेथूनच ऑनलाइन भरल्या जाऊन प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. निधी वाटपाचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालयात असतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते आणि ती महसूल मंडळनिहाय मोजली जाते, त्यामुळे आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाची त्या दिवसाची नोंद हा स्वतंत्र आणि फार महत्त्वाचा कागद आहे. ज्या मंडळात पाऊस कमी नोंदला गेला, तेथील शेतकऱ्याने यादीच्या आधी ही नोंद मागावी.

पीक विमा कंपनी खाजगी असेल तर तिच्याकडे थेट अर्ज करता येत नाही. तथापि कायद्याच्या कलम २(एफ) प्रमाणे, एखाद्या सार्वजनिक प्राधिकरणाला इतर कायद्यांखाली खाजगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही ‘माहिती’च ठरते. पीक कापणी प्रयोगांचे अहवाल तर शासनाच्या यंत्रणेकडेच असतात. ते तालुका कृषी अधिकारी किंवा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्या कार्यालयातून मागावेत.

सहकारी संस्थांच्या बाबतीत हीच वाट अधिक उपयोगी आहे. मराठवाड्यात साखर कारखाना, पतसंस्था आणि सोसायटी यांच्याशी ज्याचा संबंध नाही असे घर विरळाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या थलप्पलम प्रकरणात असे सांगितले की, सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. परंतु निबंधकाला कायद्याने जी माहिती तिच्याकडून मागवता येते, ती निबंधकामार्फत नागरिकाला मिळू शकते. म्हणून उसाच्या थकलेल्या एफआरपीबाबतचे (रास्त व किफायतशीर दराबाबतचे) अहवाल प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे, आणि पतसंस्थेचे लेखापरीक्षण अहवाल जिल्हा किंवा तालुका उपनिबंधकांकडे मागावेत. ऊस गाळपाला गेल्यानंतर चौदा दिवसांत रक्कम देण्याचे बंधन ऊस नियंत्रण आदेश १९६६ मध्ये आहे, त्यामुळे चौदा दिवसांनंतर किती रक्कम थकली याची नोंद या कार्यालयाकडे असणे अपेक्षितच आहे. आपण संस्थेचे सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खालीही संस्थेकडून काही अभिलेखांच्या प्रती मागता येतात. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, संस्था मात्र केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येतात. तेथे अर्ज दिल्लीला जातो आणि नियम केंद्राचे लागतात. शासनाकडून भरीव अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्था या कायद्याखाली येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालय प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कार्यालय चुकले तरी अर्ज वाया जात नाही. कलम ६(३) प्रमाणे, माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर जन माहिती अधिकाऱ्याने (कार्यालयाने अर्जांना उत्तर देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) पाच दिवसांच्या आत अर्ज तिकडे हस्तांतरित करून अर्जदाराला कळवायचे असते. ‘ही माहिती आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढे लिहून अर्ज परत करणे कायद्यात बसत नाही.

अर्जाविना मिळणारे कागद

प्रत्येक कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करू नये. फेरफार, जुना सातबारा किंवा खासरा पत्रक यांची नक्कल तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात नेहमीच्या शुल्कात मिळते, आणि अनेकदा लवकर मिळते. न्यायालयीन कागदपत्रांसाठी तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच नकलेचा अर्ज करावा लागतो. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसाच निर्णय दिला.

राज्य शासनाच्या २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरील व त्याखालील कार्यालयांत, तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय ठेवायची आहे. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. अनेक कार्यालयांत या निर्णयाची कल्पनाच नसते, म्हणून त्याची छापील प्रत बरोबर ठेवावी आणि शांतपणे दाखवावी. शिवाय कलम ४(१)(ब) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, आणि त्यांपैकी बारावी बाब अनुदान योजनांच्या अंमलबजावणीची, त्यावर दिलेल्या रकमांची व लाभार्थ्यांच्या तपशिलाची आहे. ही बाब लक्षात ठेवावी. पुढे नकाराला उत्तर देताना ती कामी येईल.

निजामकालीन नोंदींविषयी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथील जुने दप्तर उर्दू, फारसी आणि मोडीत आहे, आणि त्यातील काही भाग हैदराबादलाच राहिला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हापासून या दप्तराकडे लोकांचे लक्ष गेले. अशा नोंदीची मूळ लिपीतील छायांकित प्रमाणित प्रतच मागावी. भाषांतर किंवा लिप्यंतर करून देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ते जाणकाराकडून वेगळे करून घ्यावे.

अर्ज कसा लिहावा

महाराष्ट्राच्या नियमांत जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही; कलम ६(२) प्रमाणे कारण विचारताही येत नाही.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. ही या लेखातील सर्वांत व्यवहारोपयोगी सूचना समजावी. ‘आमच्या शिवारातील बंधारा पहिल्याच पावसात का फुटला?’ असे विचारले तर जन माहिती अधिकारी उत्तर नाकारू शकतो, कारण कारणमीमांसा करणे, मत देणे किंवा उपलब्ध नसलेली माहिती तयार करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या खानापुरम गंडय्या आणि २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणांत ही मर्यादा आखून दिली आहे. तोच प्रश्न कागदांच्या भाषेत असा मांडता येतो:

‘मौजे ……, ता. …… येथील सिमेंट नाला बंधाऱ्याच्या कामासंबंधी पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, अदा केलेली देयके व प्रमाणके, साहित्याच्या गुणवत्ता चाचणीचे अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. प्रती देण्यापूर्वी वरील अभिलेखांची समक्ष पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

एवढ्या मजकुरात बंधारा का फुटला याचे निम्मे उत्तर दडलेले असते. मोजमाप पुस्तिकेत खोदाई किती आणि काँक्रीट किती लिहिले आहे, हे अंदाजपत्रकाशी आणि जागेवरच्या कामाशी ताडून पाहता येते. कलम २(जे) प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या बाबतीत त्याचा वापर फारच कमी होतो, तो अवश्य करावा.

रोजगार हमीच्या कामासाठी हजेरीपट, ग्रामपंचायतीच्या खर्चासाठी कॅशबुक, प्रमाणके व ग्रामसभेचे इतिवृत्त, आणि दुष्काळाच्या प्रश्नासाठी पैसेवारीचे (पिकाच्या उत्पन्नाच्या शासकीय अंदाजाचे) गावनिहाय पत्रक मागावे. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या खाली की वर, यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात, म्हणून ती ज्या पीक कापणी प्रयोगांवरून काढली त्यांची पत्रकेही सोबतच मागणे शहाणपणाचे आहे.

शुल्क आणि सादरीकरण

राज्य शासनाच्या कार्यालयासाठी अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. प्रतींसाठी दर पानाला २ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने तसा दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. केंद्राच्या कार्यालयांना मात्र कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तेथे पोस्टल ऑर्डर लावावी. नांदेडचा रेल्वे विभाग, टपाल खाते, राष्ट्रीयीकृत बँका आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण ही सर्व केंद्राकडची आहेत, हे विसरू नये. राज्य व केंद्र या दोघांचीही ऑनलाइन संकेतस्थळे आहेत, आणि जिल्ह्याची अनेक कार्यालये त्यावर दिसतात. ग्रामपंचायतीसाठी मात्र कागदी अर्जच खात्रीचा.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा. घेण्यास टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा आणि पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवावा. तीस दिवसांची मुदत अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिल्यास पाच दिवस वाढतात. एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते, उदाहरणार्थ कोणाला ताब्यात घेतले असेल तर.

या काळात बहुधा एक पत्र येते: अमुक इतकी पाने होतात, तमुक इतके रुपये भरा. त्या पत्रात रकमेचा हिशेब आणि अपील कोणाकडे करता येईल याची माहिती असायला हवी. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून उशीर करू नये. पाने हजारोंच्या घरात असतील तर आधी पाहणी करावी. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो. पाहणीच्या वेळी लागणाऱ्या पानांचे क्रमांक टिपून तेवढ्याच प्रती घ्याव्यात. मुदत उलटून गेल्यानंतर मात्र माहिती विनामूल्य द्यावी लागते, असे कलम ७(६) सांगते, आणि त्यानंतर आलेल्या पैशांच्या मागणीला हे कलम दाखवावे.

नकार आला तर

नकाराची कारणे ठराविक असतात, आणि प्रत्येकाला उत्तर आहे.

सर्वाधिक वापरले जाणारे कारण म्हणजे वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे). या कलमात मोठा बदल झाला आहे. पूर्वी माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसेल किंवा खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तरच ती नाकारता येई. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने हे सारे काढून टाकून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. माझ्या मते ही दुरुस्ती नागरिकाच्या हातातील सर्वांत मोठे साधन बोथट करणारी आहे, कारण भ्रष्टाचार जवळजवळ नेहमी कोणाच्या तरी नावावरच नोंदलेला असतो. तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. कलम ८(२) तसेच आहे: सार्वजनिक हित हे संरक्षित हितसंबंधाच्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. लाभार्थ्यांचा तपशील तर कलम ४(१)(ब) ने स्वतःहूनच प्रसिद्ध करायला सांगितला आहे. जे फलकावर लावायचे ते अर्जावर नाकारणे विसंगत आहे. शिवाय कलम १० प्रमाणे आधार क्रमांक, खाते क्रमांक यांसारखा भाग झाकून उरलेला कागद देता येतो. म्हणून अर्जातच एक वाक्य घालावे: ‘आधार, बँक खाते व भ्रमणध्वनी क्रमांक झाकून प्रती दिल्यास हरकत नाही, सदर माहिती सार्वजनिक निधीच्या वाटपाशी संबंधित असल्याने कलम ८(२) व कलम ४(१)(ब) लागू होतात.’

‘चौकशी चालू आहे’ हे दुसरे कारण, कलम ८(१)(एच). चौकशी चालू असणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने चौकशीला, अटकेला किंवा खटल्याला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात म्हटले आहे. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’ असे कळवले गेले तर कलम ११ ची कार्यपद्धती झाली का, ते विचारावे. पाच दिवसांत नोटीस, म्हणणे मांडायला दहा दिवस, आणि एकूण चाळीस दिवसांत निर्णय. त्रयस्थाने हरकत घेतली म्हणजे माहिती आपोआप नाकारली जाते, असा गैरसमज सार्वत्रिक आहे.

‘संचिका आढळून येत नाही’ हे उत्तर सर्वांत चीड आणणारे. कायद्यात असे कोणतेही सवलतीचे कलम नाही. अभिलेखाचा कसोशीने शोध घ्यावा आणि न सापडल्यास चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणे शिक्षापात्र आहे. त्यामुळे अपिलात तीन गोष्टी मागाव्यात: शोध घेतल्याचे लेखी प्रतिज्ञापत्र, अभिलेख नष्ट केला असल्यास त्याच्या नोंदवहीची प्रत, आणि जबाबदार व्यक्तीवर कारवाई.

अपील

उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, तीस दिवसांत प्रथम अपील करावे. जोडपत्र ‘ब’ भरून २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. प्रथम अपिलीय अधिकारी त्याच यंत्रणेतील वरिष्ठ असतो. त्याने तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला जाणे सक्तीचे नाही, पण जावे. तेथे अर्जातील प्रत्येक मुद्द्यापुढे मिळाले, अर्धवट मिळाले, नाकारले असे लिहिलेला एक पानाचा तक्ता द्यावा. अधिकाऱ्याला निर्णय लिहिणे सोपे जाते आणि पुढे आयोगापुढे तोच कागद कामी येतो. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे, अर्जदाराची नव्हे; कलम १९(५) चा उल्लेख अवश्य करावा.

त्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. आयोगाला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये इतकी शास्ती जन माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः लावता येते, आणि अर्जदाराला झालेल्या हानीची भरपाईही देवविता येते. भरपाई हवी असल्यास ती अपिलात स्पष्टपणे मागावी आणि येण्याजाण्याच्या तिकिटांसह पुरावे जोडावेत.

येथे एक चूक वारंवार घडते. अनेक जण अपिलाऐवजी कलम १८ खाली तक्रार करतात. परंतु तक्रारीत आयोग दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवले. कागद हवा असेल तर कलम १९ खालचे अपीलच करावे.

आयोगाकडे प्रलंबित प्रकरणे फार असल्याने वाट पाहावी लागते. त्या काळात हातावर हात ठेवून बसू नये. तोच विषय लहान करून, एकाच कागदापुरता नवा अर्ज करावा. सोमवारी पाहणी करावी. मिळालेल्या अर्धवट कागदांवरून ग्रामसभेत ठराव मांडावा.

कागद मिळाल्यावर बोलताना

अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. ग्रामपंचायतीच्या खर्चावर टीका करणाऱ्याचा यांपैकी प्रत्यक्षात संबंध येतो तो बदनामीशी.

जुन्या दंड संहितेतील कलम ४९९ व ५०० च्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. त्याच कलमातील अपवाद नीट वाचावेत. लोकहितासाठी केलेले सत्य विधान हा पहिला अपवाद; लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मत हा दुसरा. प्रमाणित प्रत हा सत्याचा आणि सद्भावनेचाही पुरावा आहे. १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, शासन किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा करू शकत नाही, आणि अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनावरील विधान खोटे ठरले तरी, ते सत्याची पर्वा न करता केले होते हे दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

म्हणून लिहिण्याची पद्धत ठरवून घ्यावी. ‘अमुक सरपंचाने पैसे खाल्ले’ हे वाक्य कागद हाती असूनही लिहू नये, कारण पैसे कोणी खाल्ले हे मोजमाप पुस्तिकेत लिहिलेले नसते. ‘मोजमाप पुस्तिकेत ४० मीटर लांबीची नोंद आहे, जागेवर आम्ही पंचांसमक्ष मोजले असता २६ मीटर भरले, फरकाचा खुलासा व्हावा’ असे लिहावे. हे वाक्य जास्त झोंबते आणि त्यावर खटला उभा करणे फार अवघड असते. कागदाचे छायाचित्र टाकताना खाजगी व्यक्तींचे आधार, खाते व दूरध्वनी क्रमांक झाकावेत. विधवा, आजारी किंवा कर्जबाजारी कुटुंबांची नावे तर मुद्द्याला गरज नसेल तेव्हा घेऊच नयेत. जात किंवा धर्म यांचा उल्लेख करून आरोपाला रंग देऊ नये. त्यामुळे न्याय संहितेच्या कलम १९६ सारखी (समाजगटांत वैर पसरवण्याबाबतची) गंभीर कलमे लागण्यास वाव मिळतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. कोल्हापुरातील एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, आणि शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये आहे, असे म्हटले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या कलम ६६अ च्या आधारे पूर्वी समाजमाध्यमांवरील लिखाणासाठी अटक होत असे, ते श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. कोणी अजूनही त्या कलमाची भीती घालत असेल तर ही तारीख सांगावी.

नोटीस, पोलीस ठाणे आणि बंदी आदेश

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यावर थेट एफआयआर नोंदवू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. वकिलाची नोटीस आली तर घाबरून मजकूर काढून टाकण्याची घाई करू नये. मजकूर, मूळ प्रती आणि पोस्टची तारीख जतन करून वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्यावे.

तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद याच संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले की, भाषण व लिखाणाच्या प्रकरणांत अशी चौकशी करणे योग्य ठरते, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या दृष्टीने जोखावा. ठाण्यातून कलम ३५(३) ची (हजर राहण्याची) नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहावे आणि लेखी म्हणणे द्यावे. गुन्हा नोंदला गेल्यास, तो संवेदनशील म्हणून वगळलेला नसेल तर, एफआयआरची प्रत चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी, असा २०१६ चा आदेश आहे.

‘सरकारी कामात अडथळा’ या नावाने ओळखले जाणारे न्याय संहितेचे कलम १३२ लागण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर आवश्यक असतो. आवाज चढवल्याने ते लागू नये, तरी तक्रारीत ‘धक्काबुक्की केली’ हे दोन शब्द घालणे कोणालाही सोपे असते. त्यामुळे कार्यालयात एकट्याने जाऊ नये, टेबलाच्या पलीकडे जाऊ नये, संचिका स्वतःहून उचलू नये. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, म्हणून तेथील संभाषण ध्वनिमुद्रित केल्याने त्या अधिनियमाखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये म्हटले आहे; कामात व्यत्यय न आणता संभाषणाची नोंद ठेवणे हे अर्जदाराचेच संरक्षण आहे. अर्ज मागे घेण्यासाठी कोणी पैसे देऊ केले तर ती चर्चा तिथेच थांबवावी. काही मोजक्या लोकांनी अर्जांचा धंदा केला आणि त्याची किंमत आज प्रत्येक प्रामाणिक अर्जदार खंडणीच्या संशयाने मोजतो आहे, याचे दुःख वाटते.

तहसीलसमोर उपोषण किंवा धरणे धरायचे असेल तर जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का, हे आधी पाहावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. आंदोलनाच्या काळात मराठवाड्यात इंटरनेट बंद केल्याचेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत तसे झाले. अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले, त्यामुळे ते माहिती अधिकारात मागणे पूर्णपणे रास्त आहे.

विषय वाळू, जमीन किंवा मोठ्या ठेक्याचा असेल तर जिवाची काळजी घ्यावी. एकच अर्ज वेगवेगळ्या तालुक्यांतील तिघाचौघांच्या नावाने पाठवावा, म्हणजे एकाला दमदाटी करून विषय संपत नाही. मिळालेल्या प्रती लगेच दोन-तीन विश्वासू माणसांकडे आणि एका वकिलाकडे ठेवाव्यात. धमकी आल्यास पोलीस अधीक्षकांना दिनांक, वेळ व क्रमांकासह लेखी कळवून पोहोच घ्यावी. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा २०१४ चा कायदा अद्याप अमलात आलेला नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. वकील करण्याची ऐपत नसलेल्यांना, तसेच उत्पन्न कितीही असले तरी सर्व महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातही त्याची समिती असते. तेथे जाताना अर्जाची पोहोच, आलेले प्रत्येक उत्तर पाकिटासह, अपिलाचा निर्णय आणि प्रसिद्ध केलेला मजकूर तारखेच्या क्रमाने लावून न्यावा.